रंगीत काच काय अडवते? फिल्टर शिकू पाहणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये प्रयोगशाळेची उपकरणं जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम चालतं. निकाल लागले की बीएस्सी किंवा डिप्लोमा झालेली नवी मुलंमुली तिथे रुजू होतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या हातात रंगीत काचेची एक चकती पडते. ‘हा कुठला फिल्टर?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘हिरवा.’ या उत्तरावर उपकरण चालत नाही. फिल्टर हातात आला की प्रश्न तीन विचारायचे: ही काच काय अडवते, किती अडवते आणि कुठे गळते? या तिन्हींची उत्तरं कशी शोधायची, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. कामावर नव्याने लागलेल्यांना ते उपयोगी पडेलच, शिवाय अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं करणाऱ्यांना आणि कॅमेरा-दुर्बीण बाळगणाऱ्या हौशी मंडळींनाही पडेल.

आधी पाया पक्का करू. काच प्रकाशाला रंग देत नाही, ती प्रकाशातला काही भाग खाऊन टाकते. पांढऱ्या प्रकाशात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या सगळ्या तरंगांची सरमिसळ असते (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). जांभळा-निळा ४०० कडे, लाल ७०० कडे, हिरवा मध्ये. लाल काच निळा आणि हिरवा गिळते, उरतो तो लाल. येणाऱ्या प्रकाशात मुळात लाल नसेलच, तर बाहेर काहीच येत नाही. हिरव्या एलईडीसमोर लाल काच धरून बघा, काच काळी दिसेल. आणि गिळलेला प्रकाश नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ही गोष्ट पुढे दिव्याजवळ काच बसवताना उपयोगी पडेल.

पायरी पहिली: निळी काच आणि चिमूटभर मीठ

पुस्तक उघडण्याआधी कोबाल्टची निळी काच मिळवा. कनिष्ठ महाविद्यालयांना साहित्य पुरवणाऱ्या कुठल्याही दुकानात ती मिळते आणि महाग नसते. गॅसची शेगडी बारीक ठेवा, ओल्या स्टीलच्या तारेचं टोक मिठात बुडवून ज्योतीच्या कडेला धरा. तार पकडीने धरा, ओढणी-पदर आवरून घ्या. ज्योत एकदम पिवळीधमक होते. तो सोडियमचा प्रकाश. त्याच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, म्हणजे जवळजवळ एकाच रंगाचा प्रकाश. आता हीच ज्योत निळ्या काचेतून बघा. पिवळा रंग गायब होतो आणि गॅसची मूळची निळसर ज्योत तेवढी उरते.

कोबाल्टच्या काचेचं सर्वांत जोरदार शोषण ५४०, ५९० आणि ६५० नॅनोमीटरच्या आसपास होतं. सोडियमची पिवळी रेषा नेमकी त्यात सापडते. म्हणूनच क्षारांच्या परीक्षणात ज्योत या काचेतून बघायला सांगतात. सोडियमचा अंशही पोटॅशियमचा फिका जांभळा रंग झाकून टाकतो. काच मध्ये धरली की पिवळा पडदा बाजूला होतो आणि पोटॅशियम किरमिजी दिसतं. कॅल्शियमची विटकरी लाल ज्योत याच काचेतून फिकट हिरवी दिसते. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘निळ्या काचेतून’ असा रकाना असतो तो यासाठी, आणि तो न बघता भरला तर या काचेचा धडाच हुकतो.

पोटॅशियम या काचेतून किरमिजी का दिसतं? पोटॅशियमची मुख्य रेषा ७६६ नॅनोमीटरवर आहे, पार गडद लालच्याही टोकाला. म्हणजे ही ‘निळी’ काच तिथला प्रकाश आत सोडते. हेच दुसऱ्या रीतीने तपासा. निळ्या काचेवर गडद पिवळी काच ठेवा. पिवळी काच निळा रंग अडवेल, निळी काच मधला हिरवा-पिवळा अडवेल, आणि उरेल ती फक्त ७०० च्या आसपासची आणि पुढची गडद लाल फट. भर दुपारी सूर्याकडे पाठ करून येऊरच्या झाडीकडे या जोडीतून बघा. डोळे अंधाराला सरावू द्या, बाजूचा उजेड हाताने अडवा. झाडं लाल दिसतील! पानातलं हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरपर्यंतचा लाल खातं, पण ७०० च्या पुढचा प्रकाश पान जोरात परतवतं. शेजारचं हिरव्या रंगाने रंगवलेलं गेट मात्र बहुधा काळपटच राहतं. साध्या डोळ्यांना दोन्ही हिरवी, फिल्टरला दोन्ही वेगळी. एवढं एकदा बघितलं की ‘हा हिरवा फिल्टर’ असं बोलायची सवय आपोआप सुटते.

पायरी दुसरी: काचेत रंग आला कुठून, ते ओळखा

रंग आणायच्या रीती मुख्यत्वे दोन आहेत आणि त्यांचे आलेख (कुठल्या लांबीच्या तरंगाला किती प्रकाश आरपार जातो ते दाखवणारे) अगदी निराळे दिसतात.

पहिल्या रीतीत वितळलेल्या काचेत धातूंचे आयन विरघळवलेले असतात. कोबाल्टने निळा, क्रोमियमने हिरवा, तांब्याने आकाशी. लोहाचे फेरस आयन १००० नॅनोमीटरच्या परिसरातलं अवरक्त (लालच्या पुढचा, न दिसणारा प्रकाश) खातात, म्हणून उष्णता अडवणाऱ्या फिकट हिरवट काचांमध्ये लोह असतं. निकेलयुक्त काच जवळजवळ काळी दिसते, पण ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचं अतिनील सोडते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या नावाने ती ओळखली जाते. त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत कोडाचे डाग किंवा बुरशी बघतात तो वुड्स लॅम्प याच काचेचा. गल्ल्याशेजारी नोटा तपासायला ठेवलेल्या जुन्या नळीच्या दिव्याची काळी-जांभळी काचही याच जातीची. त्या प्रकाशात नोटेच्या क्रमांकाची शाई आणि कागदातले तंतू चमकतात. निओडिमियम-प्रेसिओडिमियमची डिडिमियम काच तर नेमकी सोडियमची पिवळी रेषा उचलून बाजूला करते, म्हणून काच फुंकणारे कारागीर तिचे चष्मे वापरतात. तापलेल्या काचेभोवतीचा पिवळा झगमगाट जातो आणि आतलं काम दिसतं. आयनांच्या काचांचे आलेख सहसा डोंगरदऱ्यांचे असतात, चढउतार सावकाश.

दुसरी रीत कॅडमियमची, आणि मला सर्वांत जास्त आवडते ती हीच. पिवळ्या, नारिंगी आणि लाल फिल्टरच्या काचेत कॅडमियम सल्फाइड आणि सेलेनाइड असतं. ओतलेली काच पहिल्यांदा थंड होते तेव्हा ती जवळजवळ रंगहीन असते. मग तिला ठरावीक तापमानाला पुन्हा भट्टीत तापवतात. आत काही नॅनोमीटरचे बारीक स्फटिक वाढू लागतात आणि रंग उगवतो. स्फटिकांची घडण आणि आकार यावर काचेची सीमा ठरते: तिच्या अलीकडचं सगळं बंद, पलीकडचं सगळं खुलं. काचेत वाढलेल्या अशा सूक्ष्म स्फटिकांचा अभ्यास करतानाच अलेक्सी एकिमोव्ह यांना आकारानुसार रंग बदलतो हे सापडलं. त्यांच्या काचेत कॉपर क्लोराइडचे स्फटिक होते. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना लुईस ब्रुस आणि मौंगी बावेंडी यांच्यासोबत क्वांटम डॉट्ससाठी मिळालं. या काचांची सीमा तापमानासोबत थोडी लाल बाजूला सरकते, दर अंशाला नॅनोमीटरचा साधारण दहावा भाग. मे महिन्यात पंखा नसलेल्या पेटीत बसवलेला फिल्टर आणि वातानुकूलित खोलीतला फिल्टर यांत दोन-तीन नॅनोमीटरचा फरक पडू शकतो.

याशिवाय फिल्टरची एक वेगळीच जात आहे, काचेवर अतिपातळ थर चढवून केलेले इंटरफिअरन्स फिल्टर. ते खात नाहीत, नको तो प्रकाश परतवतात. ओळखायची खूण सोपी आहे. फिल्टर डोळ्यासमोर धरून हळूहळू तिरका करा. रंग बदलत गेला तर तो थरांचा फिल्टर. रंगीत काच तिरकी केली तरी रंग जवळपास तोच राहतो, फार तर थोडा गडद होतो. प्रकाश पसरट कोनातून येत असेल तिथे रंगीत काच अजूनही टिकून आहे ती या गुणामुळे. अगदी अरुंद पट्टा हवा असेल तर मात्र थरांच्या फिल्टरला पर्याय नाही.

पायरी तिसरी: नाव आणि आलेख वाचा

जर्मनीतल्या शॉट कंपनीची नावं या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी असतात. जीजी म्हणजे पिवळ्या, ओजी नारिंगी, आरजी लाल, बीजी निळ्या आणि निळसर-हिरव्या, यूजी अतिनील सोडणाऱ्या काळ्या, एनजी करड्या, केजी उष्णता अडवणाऱ्या. जीजी, ओजी, आरजी या घराण्यांत पुढचा आकडा कामाचा असतो. ओजी ५७० म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला ५७० नॅनोमीटरवर ही काच आत शिरलेल्यातला निम्मा प्रकाश सोडते; त्याच्या अलीकडे बंद, पलीकडे खुली. अशा फिल्टरला लाँगपास म्हणतात. बीजी ३९ किंवा यूजी ११ मधल्या आकड्याला असा काही अर्थ नाही, तो नुसता क्रमांक आहे. नवखी मंडळी इथे हटकून अडखळतात.

छायाचित्रकारांकडे आणि दुर्बीणवाल्यांकडे रॅटन क्रमांक चालतात: ८ पिवळा, २५ लाल, ५८ हिरवा, ४७ निळा, ८०ए फिका निळा. मूळचे हे जिलेटिनचे फिल्टर. त्याच क्रमांकाची काच घेतली तर आलेख तंतोतंत तसाच असेल असं धरू नका.

आलेख समोर आला की आडव्या अक्षावर तुमचा दिवा आणि तुमचा डिटेक्टर (प्रकाश मोजणारा भाग) कुठून कुठवर काम करतात त्या खुणा पेन्सिलीने करा. मग त्या दोन खुणांमधला पूर्ण आलेख बघा. बहुतेकजण फक्त दिसणाऱ्या रंगांचा भाग बघतात, आणि गळतीचा घोळ तिथूनच सुरू होतो.

पायरी चौथी: जाडीचा हिशेब

काचेचा प्रत्येक मिलिमीटर येणाऱ्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खातो. हिस्से एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. ५० टक्के सवलतीवर पुन्हा ५० टक्के सवलत दिली म्हणजे माल फुकट होत नाही, पाव किमतीला मिळतो, तसंच. ३ मिलिमीटरला ०.५० ट्रान्समिशन (आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा हिस्सा) असेल तर ६ मिलिमीटरला ०.२५ आणि १ मिलिमीटरला ०.५० चं घनमूळ, म्हणजे ०.७९.

याचा फायदा कुठे होतो ते बघा. समजा ३ मिलिमीटरची काच हव्या त्या ठिकाणी ०.९८ सोडते आणि नको त्या ठिकाणी ०.०१ गळते. दुप्पट जाड घेतली तर हवं ते ०.९६ होतं, पण गळती ०.०१ वरून ०.०००१ वर येते. हव्या प्रकाशातले दोन टक्के गेले आणि नको असलेला प्रकाश शंभरपट घटला. उलट बाजूने, जागा नाही म्हणून ३ ऐवजी १ मिलिमीटर बसवली तर तीच गळती ०.०१ वरून ०.२२ वर जाते. नाव तेच, काच तीच, पण फिल्टर राहिला नाही.

यात पृष्ठभागाचा तोटा वेगळा धरायचा. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दोन बाजू धरून कितीही स्वच्छ काच असली तरी ९२ टक्क्यांच्या वर फारसं मिळत नाही. कॅटलॉगमधले ‘अंतर्गत’ ट्रान्समिशनचे आकडे हा तोटा वगळून असतात, म्हणून त्यांना ०.९२ ने गुणा. दोन काचा मध्ये हवा ठेवून एकामागे एक लावल्या तर दोनदा गुणा. त्यांना ऑप्टिकल सिमेंटने चिकटवलं तर मधला तोटा वाचतो.

करड्या फिल्टरवर टक्क्यांऐवजी डेन्सिटी लिहिलेली असते. ०.३ म्हणजे निम्मा, ०.६ म्हणजे पाव, १ म्हणजे दहावा, ३ म्हणजे हजारावा भाग. डेन्सिटी मात्र सरळ मिळवता येतात: ०.३ आणि ०.६ एकत्र लावले की ०.९. म्हणून कामावर डेन्सिटीतच बोलायची सवय लावून घ्या.

पायरी पाचवी: गळती पकडा

माणसाचा डोळा ७०० च्या पुढे जवळजवळ आंधळा आहे, सिलिकॉनचा डिटेक्टर ११०० पर्यंत बघतो. या दोन वाक्यांमधल्या अंतरात उपकरणांच्या निम्म्या तक्रारी दडलेल्या असतात. निळ्या, हिरव्या आणि काळ्या यूजी काचांपैकी कितीतरी काचा ७०० च्या पुढे पुन्हा खुल्या होतात. तुम्हाला फिल्टर निळा दिसतो, आणि डिटेक्टर अवरक्त मोजत बसतो. टंगस्टनचा दिवा असेल तर आणखी वाईट, कारण त्याचा बहुतांश प्रकाश अवरक्तच असतो.

घरच्या घरी चाचणी करा. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचा एलईडी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढचा वापरा. जांभळट ठिपका लुकलुकेल. तो प्रकाश बहुतेक रिमोटमध्ये ९४० नॅनोमीटरचा असतो. आता मध्ये फिल्टर धरा. ठिपका तसाच राहिला तर काच तिथे उघडी आहे. आरजी घराण्याची लाल काच धरली तर ठिपका राहणारच, ती बनलीच आहे लालच्या पुढचं सगळं सोडण्यासाठी. पण ‘हिरव्या’ काचेतूनही ठिपका ठळक दिसला, तर तिच्यासोबत बीजी ३९ सारखी अवरक्त अडवणारी काच लावावी लागेल.

गळतीची किंमत किती, याचं उदाहरण फ्लेम फोटोमीटरचं देतो. ज्योतीत नमुना फवारायचा, सोडियम ५८९ वर आणि पोटॅशियम ७६६ वर मोजायचं. माणसाच्या रक्तद्रवात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं आणि पोटॅशियम ३.५ ते ५. म्हणजे सोडियम साधारण तीसपट. पोटॅशियमच्या फिल्टरमधून पिवळ्या प्रकाशाची किंचित धार जरी आत शिरली, तरी पोटॅशियमचा आकडा फुगतो. आणि पोटॅशियमचा आकडा हृदयाच्या उपचाराशी जोडलेला असतो. अशा ठिकाणी ‘थोडंसं गळतंय, चालेल’ हे वाक्य कुणी म्हणू नये.

पायरी सहावी: कॉलरीमीटरमध्ये फिल्टर निवडा

नव्या माणसाच्या हाताला सर्वांत आधी हेच काम येतं, म्हणून इथे थोडं थांबू.

कॉलरीमीटर द्रावणाने किती प्रकाश खाल्ला ते मोजतो. म्हणून द्रावण जो रंग खातं त्या रंगाचा फिल्टर लागतो. द्रावण ज्या रंगाचं दिसतं त्याचा उपयोग नाही. पोटॅशियम परमँगनेट जांभळं दिसतं कारण ते ५२५ च्या आसपासचा हिरवा खातं, म्हणून फिल्टर हिरवा, ५२० किंवा ५४० चा. अमोनिया घातलेलं गर्द निळं कॉपर सल्फेट ६०० च्या आसपास खातं, म्हणून नारिंगी-लाल फिल्टर. पॅथॉलॉजीत हिमोग्लोबिन ड्रॅबकिन द्रावाने मोजतात तेव्हा ५४० लावतात. रक्तातली साखर मोजायच्या जीओडी-पीओडी पद्धतीत गुलाबी रंग येतो, त्याला ५०५, नसेल तर त्याच्या जवळचा हिरवा. उपवन किंवा मासुंदा तलावाच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजायचा प्रकल्प महाविद्यालयात करणार असाल, तर स्टॅनस क्लोराइडच्या पद्धतीने येणारा मॉलिब्डेनम निळा रंग ६९० वर मोजतात. तिथे पेटीतला शेवटचा लाल फिल्टर कामाला येतो.

कामाचा क्रम असा ठेवा. उपकरण सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. एक मध्यम तीव्रतेचं प्रमाण द्रावण घ्या. ज्या फिल्टरचा अंदाज आहे तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे फिल्टर आलटून पालटून लावा. प्रत्येक वेळी आधी ब्लँक (मोजायचा पदार्थ नसलेलं द्रावण) ठेवून शून्य करा, मग द्रावण ठेवून त्याने किती प्रकाश खाल्ला त्याचा आकडा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स लिहा. फिल्टर बदलला आणि ब्लँक पुन्हा लावला नाही, तर तो आकडा फेकून द्यायचा. दिवा आणि डिटेक्टर दोघांचाही जोर प्रत्येक रंगाला वेगळा असतो. ज्या फिल्टरवर अ‍ॅब्सॉर्बन्स सर्वाधिक येतो तो तुमचा. त्यानंतर पाच-सहा तीव्रतांची द्रावणं करून आलेख काढा.

आलेख सुरुवातीला सरळ जातो आणि वर गेल्यावर वाकतो. द्रावण चुकलं असं समजून मुलं पुन्हा पुन्हा पिपेट धुतात. बऱ्याचदा दोष त्यांचा नसतो. काचेच्या फिल्टरचा पट्टा रुंद असतो, कित्येकदा ३०-४० नॅनोमीटरचा, आणि तो बहुधा दोन काचा जोडून केलेला असतो: एक डावी बाजू कापते, दुसरी उजवी. त्या पट्ट्यातला मधला भाग द्रावण खाऊन संपवतं, पण कडेचा प्रकाश फारसा न अडता डिटेक्टरपर्यंत पोचतो. द्रावण जितकं दाट तितका हा कडेचा वाटा जास्त भरतो आणि रेषा वाकते. उपाय साधा आहे: द्रावण पातळ करून सरळ भागातच मोजा.

पायरी सातवी: दोन फिल्टर समोरासमोर

रंगीत काचेचा सर्वांत देखणा वापर जोडीने होतो. एक फिल्टर दिव्यापुढे, दुसरा डोळ्यापुढे, आणि दोघे असे निवडायचे की पहिला जे सोडतो ते सगळं दुसरा अडवेल. मध्ये काहीच नसेल तर अंधार. आता मध्ये नमुना ठेवला आणि काही दिसलं, तर तो प्रकाश नमुन्याने स्वतः तयार केलेला आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये के. एस. कृष्णन यांच्यासोबत हेच केलं. सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या फिल्टरमधून शुद्ध द्रवावर सोडला आणि बघताना मध्ये पूरक हिरवा फिल्टर धरला. दिसायला नको होतं, तरी अंधुक प्रकाश दिसला. द्रवाच्या रेणूंनी प्रकाशाचा रंगच बदलला होता. २८ फेब्रुवारी १९२८ ची ही गोष्ट, जिच्यामुळे आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो आणि जिला १९३० चं नोबेल मिळालं. त्या शोधाच्या मुळाशी चांगल्या निवडलेल्या दोन फिल्टरांची जोडी होती, हे प्रत्येक वर्गात सांगायला हवं असं मला वाटतं.

क्षयरोगाच्या थुंकीच्या तपासणीत आजही हीच रचना चालते. ऑरामाइनने रंगवलेल्या काचपट्टीवर निळा प्रकाश टाकायचा, आणि डोळ्याच्या बाजूला निळा अडवून पुढचा प्रकाश सोडणारा फिल्टर ठेवायचा. काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळसर चमकतात. जोडी जमली आहे का हे तपासायचं तर नमुना न ठेवता दिवा लावा आणि बघा. पार्श्वभूमी काळी न दिसता निळसर दिसली तर दोन्ही आलेखांचे पाय एकमेकांत अडकले आहेत. सीमा थोडी पुढची असलेला दुसरा फिल्टर घ्या.

कॅमेरा आणि दुर्बीण

ऐरोली-नेरूळच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्यांनी कृष्णधवल फिल्मवर लाल २५ एकदा तरी लावून बघावा. लाल फिल्टर निळं आकाश आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब गडद करतो, आणि गुलाबी पक्षी उजळून पुढे येतात. पिवळा ८ एक स्टॉप प्रकाश घेतो, लाल २५ तीन. तेवढं एक्स्पोजर वाढवा. डिजिटल कॅमेऱ्यात हे संगणकावर करता येतं, त्यासाठी काचेवर पैसे घालू नका.

वांगणी-नेरळच्या अंधारात दुर्बीण लावणाऱ्यांसाठी: मंगळाच्या खुणांना नारिंगी २१, गुरूच्या पट्ट्यांना निळा ८०ए, भरल्या चंद्राला करडा. छोट्या दुर्बिणीला लाल २५ नको, प्रकाशच उरत नाही.

डोळे सांभाळा

गडद काच म्हणजे सुरक्षित काच असं कधीही धरू नका. लाल, निळी, काळी कुठलीही रंगीत फिल्टर काच, दोन-तीन एकावर एक ठेवली तरी, सूर्याकडे बघायला चालत नाही. दिसणारा प्रकाश कमी होतो म्हणून डोळा मिटत नाही, आणि अवरक्त आत शिरून पडदा भाजत राहतं. पडद्याला वेदना कळत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळ्यात ढगांतून सूर्य डोकावला की मुलं हाताला येईल ती काच उचलतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

वेल्डिंगच्या काचेला शेड क्रमांक असतो. शेड ५ सुमारे पन्नासात एक भाग प्रकाश सोडते, शेड १० सुमारे सात हजारांत एक, आणि शेड १४ सुमारे पावणेचार लाखांत एक. गॅस कटिंगची शेड ५ आर्क वेल्डिंगला लावली तर डोळे जातील. सूर्यासाठी शेड १४ची अखंड, ओरखडा नसलेली काच किंवा प्रमाणित ग्रहणचष्मा, एवढंच. दुर्बिणीला सूर्याचा फिल्टर पुढच्या तोंडाला लावायचा, डोळ्याच्या बाजूला कधीच नाही. तिथे एकवटलेल्या उष्णतेने काच तडकते.

बसवणं, सांभाळणं, विकत घेणं

काच प्रकाश खाऊन तापते, म्हणून दिव्याजवळ आधी उष्णता अडवणारी केजी काच, मग रंगीत. धारकात काच घट्ट आवळू नका, थोडी सैल ठेवा. मधला भाग फुगतो आणि कडा थंड राहतात, तेव्हा आवळलेली काच फुटते.

आपल्याकडचा पावसाळा फॉस्फेटच्या काचांचा वैरी आहे. बीजी ३९ आणि केजी घराण्यातल्या काचा दमट हवेत धुरकट होतात. जून ते सप्टेंबर त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. पुसायला लेन्स टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. शर्टाचं टोक आणि तोंडाची वाफ नको. चिकटवलेला फिल्टर अल्कोहोलमध्ये बुडवू नका, कडेने सिमेंट सुटतं.

खरेदीला प्रिन्सेस स्ट्रीटची प्रयोगशाळा-साहित्याची दुकानं किंवा फोर्टातला बोरा बाजार गाठणार असाल, तर कागदावर चार गोष्टी लिहून न्या: काचेचा प्रकार, जाडी, व्यास, दोन्ही बाजूंना पॉलिश. ‘हिरवा द्या’ म्हणालात तर हिरवा मिळेल. सुटी, बिननावाची चकती स्वस्तात मिळाली तर घ्यायला हरकत नाही, पण उपकरणात बसवण्याआधी ओळखीच्या महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३५० पासून ११०० पर्यंत तिचा आलेख काढून घ्या. छापील आलेख, जाडी आणि तारीख त्याच पाकिटात ठेवा.

वर्षा-दोन वर्षांनी तोच आलेख पुन्हा काढा आणि जुन्यावर ठेवून बघा. ट्रान्समिशन सगळीकडे घटलं असेल तर पृष्ठभाग धुरकटला आहे, पुन्हा पॉलिश करून काच वाचते. फक्त अतिनीलच्या टोकाला घटलं असेल, तर अतिनील प्रकाशानेच काच आतून बदलली आहे. पॉलिशने ते निघत नाही, काच बदलावी लागते.